झिजलेला पट्टा कोणी बदलायचा? चरख्याची माळ, जिनाचा पट्टा आणि मोटारीचा फॅनबेल्ट

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या पुढच्या अंगाला दोन-तीन चाकांना कवेत घेऊन बसलेला एक काळा रबरी पट्टा दिसतो. बोलीत तो सर्रास ‘फॅनबेल्ट’. मग त्याच्यावर पंखा असो वा नसो. गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य. पण तो तुटला की बॅटरी भरणे थांबते, बहुतेक गाड्यांत इंजिनाभोवतीचे पाणी फिरणे थांबते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना रावेर–सावदा रस्त्यावर गाडी काही मिनिटांत उकळू लागते.

हा पट्टा पूर्वी बहुतेक गाडीमालक घरच्या अंगणात, दोन पान्यांनी, स्वतः बदलत. आज फारसे कोणी बदलत नाही. या साध्या बदलामागे बराच जुना इतिहास आहे, आणि त्याचे जवळजवळ सर्व टप्पे सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या या एका टापूत पाहायला मिळतात. त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: यंत्राचा झिजलेला पट्टा बदलणारा हात कोणाचा?

सुरुवात चरख्यापासून करावी लागते. मोठे चाक, लहान चाती आणि दोघांना जोडणारी सुताची माळ. चाक एकदा फिरले की चाती कितीतरी फेरे घेते. मोटारीच्या पट्ट्याचे तत्त्वही हेच. दोन चाकांना वेढणारा एक बंद फास, आणि गती पोहोचवणारे घर्षण. दात नाहीत, साखळी नाही. भार फार झाला तर पट्टा घसरतो, पण चाक मोडत नाही. हा त्याचा दोष मानला जातो. वास्तविक तो त्याचा मोठा गुण आहे.

भारतात चरख्याचा निःसंदिग्ध उल्लेख दख्खनमधल्याच एका ग्रंथात सापडतो. १३५० च्या सुमारास, नुकत्याच स्थापन झालेल्या बहमनी सल्तनतीच्या आश्रयाने इसामी या कवीने ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा फारसी काव्येतिहास रचला. रझिया सुलतानावर टीका करताना तो स्त्रीचे स्थान सिंहासनावर नसून चरख्याशी आहे, असे सुचवतो. इतिहासकार इरफान हबीब यांनी या उल्लेखाचे महत्त्व दाखवून दिले. इसामीचा हेतू खोडसाळ होता, पण नकळत त्याने एक नोंद करून ठेवली: चौदाव्या शतकात चरखा हे घरातले आणि स्त्रीच्या हातचे यंत्र झाले होते. त्याची माळ सैल पडली की कातणारीच ती ताणून बांधी, मेण वा राळ चोळी, आणि तुटली की स्वतःच्याच सुताचे पदर वळून नवी करी. यंत्राचा सुटा भाग त्याच यंत्रावर तयार होई. असे भाग्य पुढच्या कोणत्याही यंत्राच्या वाट्याला आलेले नाही.

ही अवस्था खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस आटला आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. त्याच सुमारास रेल्वे खानदेशात शिरली. १८७० साली मुंबई–जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला, आणि रावेर याच मार्गावरचे स्थानक. कापूस रेल्वेने न्यायचा तर सरकी काढून, गाठी दाबून न्यावा लागे. घरोघरी फिरणारी हातचरकी या वेगाला पुरी पडेना. रेल्वेच्या काठाने वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची धुराडी उभी राहिली.

अशा जिनाची रचना समजून घेण्याजोगी आहे. वाफेचे इंजिन एकच, वेगळ्या खोलीत. तिथून निघालेला लोखंडी दांडा, म्हणजे लाइन-शाफ्ट, सबंध शेडच्या लांबीभर फिरत राहायचा. शेडमध्ये ओळीने मांडलेल्या प्रत्येक जिनाला त्या दांड्यावरून एकेक चामडी पट्टा येई. प्रत्येक यंत्राशी दोन पुल्या शेजारी-शेजारी असत: एक दांड्याला पक्की, दुसरी सैल. पट्टा सैल पुलीवर सरकवला की ते यंत्र थांबे, पक्कीवर सरकवला की चालू होई. इंजिन मात्र कोणासाठीही थांबत नसे. पट्ट्याची दोन टोके चामड्याच्या बारीक वादीने शिवलेली असत. ती शिवण हाच पट्ट्याचा सर्वांत दुबळा भाग.

पट्टा उतरला वा तुटला तर काय? नियमाने इंजिन थांबवून तो चढवायचा. पण एका पट्ट्यासाठी सगळी शेड थांबवणे मालकाला परवडत नसे. म्हणून फिरत्या दांड्यावरच पट्टा चढवला जाई, हाताने किंवा बांबूने. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा हात त्या फासात सापडला की माणूस वर ओढला जाई. चरख्याच्या माळेने फार तर बोट चिमटे. इथे जीव जाई.

त्यावर कायदा होता का? १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, त्यात धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालण्याची तरतूदही होती. पण तो लागू होता फक्त १०० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आणि वर्षातून किमान ४ महिने चालणाऱ्या कारखान्यांना. जिन हा हंगामी धंदा. बरेच जिन सहजच कायद्याच्या बाहेर राहिले. मुंबई सरकारने १८८४–८५ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांची माहिती आली तेव्हा चित्र उघडे पडले: पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारे काम, आणि कामावर मुख्यतः बायका. त्याच काळात, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. लोखंड्यांचे नाव मुंबईच्या गिरण्यांशी जोडले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु दिवसाला १५–१६ तास खपणारी खानदेशातली जिनकरीण त्या निवेदनाच्या कक्षेबाहेरच राहिली. १८९१ च्या सुधारणेने कामगारांची मर्यादा ५० वर आली, स्त्रियांच्या कामाला ११ तासांची हद्द घातली गेली.

पट्ट्याचा हा धाक स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यात अक्षरशः कोरलेला होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २२ सांगत असे की चालत्या यंत्राजवळचे असे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करावे. त्याचे नाव रजिस्टरमध्ये नोंदलेले असावे. त्याचे कपडे अंगाशी घट्ट असावेत आणि ते मालकाने पुरवावेत. फिरत्या पुलीवरचा पट्टा १५ सेंटिमीटरांहून रुंद असेल तर त्याला हातच लावायचा नाही. त्याची जोड शिवलेली वा पट्ट्याशी सपाट असावी. पाय रोवायला आणि हाताने धरायला भक्कम आधार असावा. कलम २४ म्हणत असे, न वापरातला पट्टा फिरत्या दांड्यावर लोंबकळत ठेवू नये. कलम २७ नुसार कापूस दाबण्याच्या कारखान्यात जिथे कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रियांना आणि मुलांना कामास ठेवता येत नसे. कायद्याची भाषा कोरडी असते. पण यातले प्रत्येक उपकलम कोणत्या ना कोणत्या अपघाताने लिहायला लावलेले आहे.

आता थोडे खानदेशाबाहेर. कार्ल बेंझची १८८६ ची तीनचाकी मोटार हिची गती इंजिनापासून पुढे चामडी पट्ट्याने जाई. गाडी चालू करायची म्हणजे एक दांडी ओढून तो पट्टा सैल पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवायचा! खानदेशच्या जिनात जी क्रिया, तीच जगातल्या पहिल्या मोटारीत. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह ही गाडी घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. वाटेत इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. मोटारीची रस्त्यावरची पहिली मोठी दुरुस्ती एका स्त्रीने केली, हे कारखान्यात स्त्रीला पट्ट्यापासून दूर ठेवणारे कायदे वाचताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मोटारीत चाकांपर्यंतची गती दातेरी चाकांकडे गेली आणि पट्टा पंख्यापुरता उरला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पंख्याचा पट्टा सपाटच होता. सपाट पट्टा सरकतो, घसरतो, पावसात ढिला पडतो. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर आणि दोरा यांपासून खाली निमुळता होत जाणारा पट्टा घडवला. तो सपाट पुलीवर नव्हे, तर तिरक्या बाजूंच्या खाचेत बसतो. पाचर ठोकली की ती जशी घट्ट धरते, तसा ताण वाढला की हा पट्टा खाचेच्या भिंतींना अधिक चिकटतो. खाचेचा कोन ३८ अंशांचा धरला तर पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. हाच व्ही-बेल्ट. त्यामुळे पट्टा अरुंद झाला, पुल्या लहान झाल्या. आणि शिवण नाहीशी झाली. पट्टा आता अखंड, कारखान्यात ओतलेला. तो तुटला की शिवता येत नाही, बदलावाच लागतो. दुरुस्तीचे ‘बदली’त रूपांतर झाले ते इथे.

त्याच काळात गांधीजींच्या मनात उलटा प्रश्न घोळत होता: सामान्य माणसाला झेपेल, घरात दुरुस्त करता येईल असे यंत्र कोणते? सरसकट यंत्रविरोधक म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी १९२४ सालचे त्यांचे एक मत जाणून घ्यावे. शिंगर शिलाई मशीन हा त्यांनी यंत्रांमधला सन्माननीय अपवाद मानला होता. त्या मशीनच्या पायडलपासून वरच्या चाकापर्यंत जाणारी गोल चामडी दोरी आजही कित्येक घरांत आहे. ती सैल झाली की घरची बाई सुरीने बोटभर तुकडा कापते, टोकाला भोक पाडते, तारेची आकडी दाबते आणि पुढचे झबले शिवायला घेते. घरी पट्टा बदलण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा सराव हा असा स्त्रियांच्या हातचा होता. त्याला कोणी तंत्रज्ञान म्हटले नाही, इतकेच.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी विलक्षण होत्या. यंत्र सामान्य झोपडीत मावावे, बाईला फार श्रम न होता ८ तास चालवता यावे, किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, ते २० वर्षे टिकावे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त होऊ नये. शेवटची अट पुन्हा वाचण्यासारखी आहे. यंत्र विकत घेणाऱ्याला पुढे सुट्या भागांच्या दावणीला बांधले जाऊ नये, हा विचार एखाद्या स्पर्धेच्या अटीत इतक्या स्वच्छपणे क्वचितच आला असेल. किर्लोस्करवाडीतही या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार झाले. पण अटींना ते पुरते उतरले नाही, आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन रावेरच्या शेजारी फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन, आणि ते घडवून आणण्यात रावेर तालुक्यातील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचा मोठा वाटा. बांबू, बोरू, चटया अशा गावच्या साहित्याची मांडणी नंदलाल बोस यांनी केली होती. जोडीला खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन होते आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. यंत्रयुगावर विश्वास असलेले अध्यक्ष आणि चरख्याचा पुरस्कार करणारे महात्मा एकाच मांडवात; आणि मांडव अशा प्रदेशात, जिथल्या जिनांनी घरची चरकी आणि घरचे सूत दोन्ही मागे टाकली होती. फैजपूरच्या निवडीकडे बहुधा ‘ग्रामीण अधिवेशन’ एवढ्याच कौतुकाने पाहिले जाते. हा दुसरा संदर्भ राहून जातो.

स्वातंत्र्यानंतर पट्टा जिनातून बाहेर पडून शेतात आला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची डिझेल इंजिनेही त्याआधीपासून होती. विहिरीवरची मोट हळूहळू सुटली, काठावर इंजिन बसले. पण पंप पाणी कितीही खोलवरून ओढू शकत नाही. हवेच्या दाबामुळे व्यवहारात ही मर्यादा ७–८ मीटरच्या आसपास आहे. पाणी खाली गेले की पंपही विहिरीत खाली बसवावा लागे आणि काठावरच्या इंजिनापासून पंपापर्यंत लांब पट्टा सोडावा लागे. केळीला पाण्याची ओढ मोठी. उन्हाळ्यात पट्टा तुटून पाण्याची पाळी चुकणे म्हणजे उभ्या बागेला झळ. म्हणून शेतकरी पट्टा जोडायला शिकला, घसरू लागला तर राळ टाकायला शिकला. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याने हीच विद्या केली. व्ही-बेल्ट आल्यावर त्याच्या तोंडी नवी परिभाषा बसली: ‘ए’ म्हणजे १३ मिलिमीटर रुंद, ‘बी’ म्हणजे १७, पुढचा आकडा इंचांतली लांबी. पट्ट्यावर छापलेले हे एक अक्षर आणि दोन आकडे कळले की मदुराईत बनलेला पट्टा खानदेशातल्या गिरणीला बिनचूक बसे. पुढे वीज आली आणि मोनोब्लॉक पंपात मोटर व पंप एकाच दांड्यावर आले. विहिरीवरचा पट्टा संपला.

तोवर मोटारी आल्या होत्या. १९५३ नंतर परदेशी जुळणी कंपन्या देश सोडून गेल्या आणि रस्त्यावर मुख्यतः तीन चेहरे उरले: अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियरची फियाट, आणि महिंद्राची जीप. तिन्हींच्या इंजिनांत पट्ट्याचा एकच त्रिकोण. खाली क्रँकची पुली, वर पाण्याचा पंप व पंखा, बाजूला डायनामो. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, जवळचे मोठे दुकान बऱ्हाणपूर वा भुसावळला. म्हणून जाणता मालक डिकीत एक नवा पट्टा ठेवी.

तो बदलण्याची रीत अशी. इंजिन बंद, किल्ली खिशात, इंजिन निवलेले. डायनामोचे बोल्ट सैल करायचे; त्यातला एक बोल्ट खाचेच्या पट्टीत सरकतो. डायनामो इंजिनाकडे ढकलला की जुना पट्टा ढिला पडतो. तो पुलीवरून उतरवून पंख्याच्या एकेका पात्यावरून काढायचा. नवा पट्टा त्याच वाटेने आत. मग लाकडी दांड्याने डायनामो बाहेर रेटून धरायचा आणि बोल्ट आवळायचे. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले तर पट्टा साधारण अर्धा इंच दबावा. फार ढिला तर घसरून किंचाळतो, फार ताठ तर डायनामोचे आणि पंपाचे बेअरिंग खातो. नवा पट्टा थोडा ताणला जातो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा आवळायचा. झिजेची खूणही डोळ्यांना दिसे: आतल्या बाजूला चिरा, कडांना चकाकी, बाहेर आलेले दोरे. काळ्या-पिवळ्या जीपचा चालक हे काम चहा निवायच्या आत उरकी.

जिनात माणसे मारणारा पट्टा अंगणात इतका निरुपद्रवी कसा झाला? पट्टा बराचसा तोच होता. बदलले ते एवढेच की इंजिन बंद करण्याचा अधिकार आता पट्टा बदलणाऱ्याच्याच हातात होता.

१९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच लांब, रुंद, आतून उभ्या रेघांचा पट्टा सगळ्या पुल्यांतून नागमोडी फिरवला गेला, आणि हळूहळू तोच प्रघात झाला. त्याला स्प्रिंगचा टेन्शनर ताण देतो. अंगठ्याचा अंदाज लागत नाही. बदलणे अजूनही घरी शक्य आहे: जुन्या पट्ट्याच्या वाटेचे छायाचित्र घ्यावे, बॅटरीची ऋण तार सोडावी, टेन्शनर पान्याने फिरवून पट्टा काढावा, नवा बसवताना प्रत्येक रेघ आपापल्या खाचेत आहे ना हे बोटांनी चाचपावे. विजेवर चालणारा पंखा गरम इंजिनात आपोआप सुरू होऊ शकतो, हे विसरू नये. मात्र झाकणाआडच्या टायमिंग बेल्टला हौसेने हात लावू नये. तो एक दात चुकला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

अडचण वेगळीच आहे. इंजिनाभोवती आता हात शिरायला जागा नाही. आणि पट्ट्याचे रबरही बदलले: १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेल्या ईपीडीएम रबराला सहसा चिरा पडत नाहीत. ते टायरसारखे हळूहळू घासले जाते, खाचा खोल होत जातात, आणि वरून पट्टा नव्यासारखाच दिसतो. डोळ्याला झीज दिसेनाशी झाल्याने पट्टा बनवणाऱ्या कंपन्या आता प्लास्टिकची एक लहान मोजणी देतात. ती खाचेत ठेवून बोट फिरवायचे, आणि खाच अजून शाबूत आहे की नाही, ते तपासायचे.